अणुवीज : पक्षांचे भांडण उघड्यावर, भाव रुमालाखाली



जनावरांच्या बाजारात बैलाचा सौदा कसा होतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. दोन दलाल भर बाजारात एकमेकांची उणीदुणी काढतात, हमरीतुमरीवर येतात, बघ्यांची गर्दी जमते. मग हळूच रुमाल टाकला जातो. रुमालाखाली बोटे धरली जातात आणि भाव ठरतो. दावे ज्याच्या हातात असते तो मालक बाजूला उभा असतो. आपला बैल कितीला गेला हे त्याला सगळ्यांत शेवटी कळते.

गेली वीस वर्षे या देशात अणुवीज प्रकल्पांवरून राजकीय पक्षांचे जे भांडण चालले आहे, ते या बाजाराहून वेगळे नाही. आमच्या प्रत्येक बैठकीत कोणी ना कोणी विचारतोच, "अणुवीज केंद्रांबद्दल तुमची भूमिका काय? या पक्षासारखी, की त्या पक्षासारखी?" त्याचे उत्तर एकदा सविस्तर द्यावे म्हणून हा लेख. आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. पक्षांचे भांडण कशावर आहे ते पाहू नका. कशावर त्यांचे भांडण नाही, ते पाहा.

आधी एन्रॉन आठवा

वीज प्रकल्पावरून पक्षांनी रंग बदलण्याचा पहिला मोठा धडा आपल्याच महाराष्ट्राने गिरवला. गुहागर तालुक्यातला एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प काँग्रेस सरकारने आणला. १९९५ च्या निवडणुकीत शिवसेना आणि भाजप यांनी तो अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा केली. लोकांनी मते दिली. त्या ऑगस्टमध्ये युती सरकारने करार रद्द केला, टाळ्या पडल्या. जानेवारी १९९६ उजाडता उजाडता तोच प्रकल्प, आधीपेक्षा मोठा होऊन, नव्या कराराने मंजूर झाला. मे १९९६ मध्ये केंद्रात तेरा दिवसांचे वाजपेयी सरकार आले. विश्वासमत मिळण्याची चिन्हे नव्हती, राजीनामा तोंडावर होता. तरी जाता जाता त्याने एन्रॉनच्या प्रतिहमीवर शिक्कामोर्तब केले.

पुढचे आपण बिलातून वाचले. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, पुढे एका युनिटचा भाव ७ रुपयांच्या वर गेला, वीज मंडळाचे कंबरडे मोडले आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. आणणारे, बुडवणारे आणि परत तरंगवणारे असे सगळे पक्ष त्यातून सुखरूप बाहेर आले. बुडाले ते वीज मंडळ, आणि मंडळाचे बिल भरणारे आपण.

दिल्लीतली अदलाबदल

आता अणुवीज. अमेरिकेशी जवळीक करण्याची पहिली पावले वाजपेयी सरकारने जानेवारी २००४ मध्ये टाकली. मनमोहन सिंग सरकारने तीच वाट पुढे नेली आणि अणुकरार केला. मग भाजप विरोधात गेला. डाव्या पक्षांनी जुलै २००८ मध्ये सरकारचा पाठिंबा काढला. २२ जुलैला लोकसभेत नोटांची पुडकी फडकवली गेली आणि सरकार २७५ विरुद्ध २५६ मतांनी वाचले. देशाचे सार्वभौमत्व, अमेरिकेची गुलामी, ऊर्जेचे स्वातंत्र्य, असे सगळे मोठमोठे शब्द त्या दिवशी सभागृहात झाले. ज्याच्या शेतात भट्टी उभी राहणार त्याची संमती हा सरकार पाडण्याचा किंवा तारण्याचा मुद्दा कोणाचाच नव्हता.

२०१० मध्ये अणुअपघाताच्या भरपाईचा कायदा आला. त्याच वर्षी जूनमध्ये भोपाळ वायुकांडाचा निकाल लागला होता. १९८४ साली हजारो माणसे मारणाऱ्या कारखान्याच्या अधिकाऱ्यांना दोन दोन वर्षांची शिक्षा झाली आणि देश चिडला होता. सरकारच्या मूळ मसुद्यात केंद्र चालवणाऱ्यावर ५०० कोटींपर्यंतच जबाबदारी होती. विरोधकांनी रेटा लावला, ती १५०० कोटींवर गेली. भट्टी पुरवणाऱ्या परदेशी कंपनीचा माल सदोष निघाला तर तिच्याकडून वसुली करता येईल असे कलमही त्याच रेट्याने आले. या कामात भाजप आणि डावे दोघेही पुढे होते. ते चांगले काम होते, हे आम्ही खुल्या मनाने मान्य करतो.

पुढे २०१४ मध्ये खुर्च्या बदलल्या. ज्या कलमासाठी भाजपने सभागृह डोक्यावर घेतले होते, तेच आता परदेशी कंपन्या येण्याच्या आड येते असे त्याच पक्षाचे सरकार म्हणू लागले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा अणुऊर्जा कायदा केला. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून त्याला 'शांती' म्हणतात. १९६२ चा अणुऊर्जा कायदा गेला, २०१० चा भरपाईचा कायदा गेला. खाजगी कंपन्यांना अणुवीज केंद्रे उभारायला दार उघडले, आणि पुरवठादारावरचे ते खास कलम गळाले. मोठ्यात मोठ्या केंद्राच्या चालकाची जबाबदारी ३००० कोटींवर थांबते. काँग्रेससह विरोधकांनी सभात्याग केला, विधेयक समितीकडे पाठवा म्हणाले. २०१० मध्ये ५०० कोटींचा मसुदा घेऊन येणारे हेच होते!

शेतकऱ्याला हा खेळ नवा नाही. कांद्याच्या निर्यातबंदीवर विरोधी बाकावरून जो पक्ष गळा काढतो, तोच सत्तेत आला की निर्यातबंदी करतो. अणुभट्टी असो की कांदा, भूमिका पक्षाची नसते, बाकाची असते.

तमिळनाडू, बंगाल आणि बाकीचे

एकाच पक्षाला नावे ठेवतो असे कोणी म्हणू नये म्हणून थोडे बाहेर पाहू. तमिळनाडूत कुडनकुलमला मच्छीमारांचे आंदोलन पेटले. सप्टेंबर २०११ मध्ये जयललिता यांच्या मंत्रिमंडळाने ठराव केला की लोकांची भीती दूर होईपर्यंत काम थांबवा. १८ मार्च २०१२ ला शंकरनकोविलची पोटनिवडणूक झाली. दुसऱ्याच दिवशी, १९ मार्चला, मंत्रिमंडळाने काम सुरू करायला संमती दिली आणि ५०० कोटींचे विकास पॅकेज जाहीर केले. लोकांची भीती एका रात्रीत कशी दूर झाली ते त्या मतपेटीलाच ठाऊक.

बंगालमध्ये हरिपूरच्या प्रकल्पाला डाव्या आघाडीच्या सरकारची अनुकूलता होती. दिल्लीत मात्र त्याच डाव्यांचा परदेशी भट्ट्यांना विरोध. २०११ मध्ये ममता बॅनर्जी सत्तेवर आल्या आणि त्यांनी हरिपूर नाकारले. गुजरातेत मिठीविर्डीच्या शेतकऱ्यांनी जमीन द्यायला नकार दिला, तेव्हा तिथला प्रकल्प २०१६ नंतर आंध्रातल्या कोव्वाड्याकडे वळवला गेला. केंद्रात आणि गुजरातेत तेव्हा एकाच पक्षाचे राज्य होते. त्याने प्रकल्पाची जागा बदलली, धोरण बदलले नाही. यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. जिथे प्रकल्प हटला, तिथे आधी गावे उठली. पक्ष मागून आले.

माडबनचा सडा

आता राजापूर तालुक्यात या. जैतापूर प्रकल्प म्हणून जग ज्याला ओळखते, तो माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे आणि आसपासच्या वाड्यांच्या जमिनीवर आहे. ९३८ हेक्टर जमीन, खातेदार २३०० च्या वर. १६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट, असा बेत. जमीन घेतली इंग्रजांच्या १८९४ च्या कायद्याने. सरकारी कागद म्हणाला, बराचसा पडीक कातळ आहे. कोकणातल्या सड्यावर आंब्या-काजूची कलमे कशी वाढवतात, सुरुंग लावून खड्डा कसा काढतात, त्यात टोपलीने माती कशी भरतात हे त्या कागदाला ठाऊक नव्हते. जानेवारी २०१० पर्यंत ताबा झाला. बहुतेक खातेदारांनी धनादेश घ्यायला नकार दिला.

काँग्रेस आघाडीचे सरकार प्रकल्पाच्या बाजूने ठाम उभे होते, उद्योगमंत्री नारायण राणे त्यात पुढे. शिवसेनेने विरोधाचा झेंडा घेतला. मार्च २०११ मध्ये जपानात फुकुशिमा झाले. १८ एप्रिल २०११ ला साखरी नाटे इथे पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार मेला. दुसऱ्या दिवशी जिल्हा बंद, सभा, घोषणा.

मग काय झाले ते वर्षांनिशी मांडतो. २०१३ मध्ये सरकारने हेक्टरी साडेबावीस लाख सानुग्रह रक्कम ठरवली. म्हणजे गुंठ्याला साडेबावीस हजारांच्या आसपास. बऱ्याच जणांनी, दमून, पैसे उचलले. २०१४ पासून शिवसेना केंद्रात आणि राज्यात भाजपबरोबर सत्तेत बसली. केंद्रातले तिचे मित्र प्रकल्पाचा पाठपुरावा करत होते आणि ती विरोधाची भाषणे करत होती. नोव्हेंबर २०१९ पासून अडीच वर्षे मुख्यमंत्रिपद तिच्याकडे होते. अणुऊर्जा हा केंद्राचा विषय, हे आम्हाला कळते. पण जमीन संपादून देणारे राज्य सरकारच होते ना? प्रकल्प रद्द झाला नाही. जमीन परत आली नाही. आणि प्रकल्प झालाही नाही! एकही भट्टी उभी न राहता ती जमीन कुंपणाआड पडून आहे. २०२२ मध्ये शिवसेना फुटली. राणे काँग्रेसमधून निघून आपला पक्ष काढून भाजपमध्ये गेले. पक्षांच्या दहा वाटण्या झाल्या. माडबनच्या सातबाऱ्यावरचे नाव मात्र एकदाच बदलले.

मत बदलणे गुन्हा नाही

कोणी म्हणेल, परिस्थिती बदलली तर पक्षांनी मत बदलू नये काय? जरूर बदलावे. जर्मनीत मर्केल सरकारने २०१० मध्ये अणुवीज केंद्रांची मुदत वाढवली. फुकुशिमानंतर काही महिन्यांतच तो निर्णय फिरवला आणि १५ एप्रिल २०२३ ला शेवटची तीन केंद्रे बंद झाली. तो निर्णय बरोबर की चूक यावर तिथे आजही वाद आहे. पण सरकारने कारण सांगितले, तारीख सांगितली.

इंग्लंडमध्ये २०१० साली दोन पक्षांचे सरकार आले. एक पक्ष नव्या अणुवीज केंद्रांच्या बाजूचा, दुसरा विरोधातला. त्यांनी मतभेद करारनाम्यात लिहून ठेवला आणि विरोधी पक्षाला मतदानात तटस्थ राहण्याची मुभा दिली. पुढे २०१३ मध्ये त्याच विरोधी पक्षाच्या ऊर्जामंत्र्याने हिंकली पॉइंट केंद्राचा सौदा जाहीर केला. म्हणजे कोलांटउडी तिथेही झाली. पण एक फरक लक्षात घ्या. पायाभरणीच्या आधी विजेचा भाव जगजाहीर होता : १००० युनिटला ९२.५० पौंड, ३५ वर्षे, महागाईप्रमाणे वाढता. भाव जबर होता, टीका झाली, पण रुमाल नव्हता.

हिंकलीतली भट्टी आणि जैतापूरला आणायची भट्टी एकाच जातीची. तिची कुंडली पाहा. फ्रान्समध्ये फ्लामांव्हिलला २००७ मध्ये काम सुरू झाले. अंदाज ३३० कोटी युरोचा. वीज जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये, आणि खर्च कंपनीच्याच हिशेबाने १३२० कोटी युरो. सतरा वर्षे आणि चौपट खर्च! जैतापूरची वीज काय भावाने पडणार? २०१० मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष आले, कागदांवर सह्या झाल्या, नंतर फ्रेंच कंपनीही बदलली. पक्का भाव आजवर कोणत्याही सरकारने आपल्यापुढे ठेवलेला नाही.

जिथे भांडण नाही

आता पहिल्या मुद्द्यावर येतो. इतकी भांडणे झाली, पण एका गोष्टीवर सगळ्या सत्ताधाऱ्यांचे एकमत आहे. जमिनीच्या मालकाला विचारायचे नाही.

२०१३ मध्ये भूसंपादनाचा नवा कायदा आला. खाजगी प्रकल्पासाठी ८० टक्के, भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्के बाधितांची संमती घ्यावी, असे त्यात आले. काँग्रेसने तो मांडला, भाजपने पाठिंबा दिला. पण कायद्याच्या शेवटी एक चौथी अनुसूची जोडली होती. तिच्यात १३ कायद्यांना सूट होती आणि त्यात १९६२ चा अणुऊर्जा कायदा होता. २०१५ मध्ये भरपाईची आणि पुनर्वसनाची कलमे या १३ कायद्यांना लागू झाली, संमतीचे नाही. त्याआधी ३१ डिसेंबर २०१४ ला भाजप सरकारने वटहुकूम काढून बाकीच्या कित्येक प्रकल्पांतली संमतीही काढून टाकली होती. देशभरचे शेतकरी खवळले आणि ऑगस्ट २०१५ मध्ये तो वटहुकूम सोडून द्यावा लागला. एका पक्षाने मागचे दार ठेवले, दुसऱ्याने पुढची भिंतच पाडायला घेतली.

आता तर अणुवीज खाजगी कंपन्या करणार. मग राष्ट्रहिताच्या नावाने शेतकऱ्याची जमीन सक्तीने घेऊन ती कंपनीच्या नफ्याला जुंपायची, हे कोणत्या न्यायात बसते? कंपनीला यंत्र विकणारा आपला भाव स्वतः ठरवतो. कर्ज देणारी बँक व्याज ठरवते. सिमेंटवाला, लोखंडवाला, सगळे आपापला दर सांगतात. एकट्या जमीनवाल्याचाच दर कलेक्टर ठरवणार?

आमच्यातही दोन मते

आम्ही विज्ञानाला घाबरणारे नाही. नवे बियाणे आले तेव्हा सरकारच्या आधी आम्ही ते मागितले. विजेची गरज आमच्याइतकी कोणाला आहे? पुसात आणि माघात मध्यरात्री बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणारा, साप-विंचवाच्या वाटेने पाणी धरणारा शेतकरीच आहे. देशाच्या विजेत अणुवीज आजवर ३ टक्क्यांच्या आसपास राहिली, आणि सरकार २०४७ पर्यंत १०० गिगावॉटचे म्हणजे १ लाख मेगावॉटचे लक्ष्य सांगते. आमच्यात कोणी म्हणतात, कोळशाची राख खाण्यापेक्षा ही वीज बरी. कोणी म्हणतात, समुद्रात गरम पाणी सोडून मासळी मारणारी, हजारो वर्षे राख सांभाळायला लावणारी वीज नकोच. दोन्ही मते प्रामाणिक आहेत. बैठकीत दोन्ही बोलली जावीत, कोणी कोणाला गप्प करू नये.

पण दोन्ही मतांच्या माणसांना एक गोष्ट सारखीच लागू आहे. अणुवीज हवी म्हणणाऱ्याची जमीन सक्तीने गेली तर त्यालाही तेवढेच दुखेल. कोयनेने जमिनी घेतल्या, तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, पुनर्वसनासाठी त्यांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. त्यांच्यातही वीज हवी म्हणणारे होतेच की.

म्हणून आमचे उत्तर असे. आम्ही या पक्षासारखे नाही आणि त्या पक्षासारखेही नाही. आम्ही दाव्याला धरून उभ्या असलेल्या मालकाच्या बाजूचे आहोत. रुमाल काढा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

बैठकीपुढे ठेवायचे ठराव

१. अणुवीज केंद्र सरकारी असो की खाजगी, ८० टक्के बाधित खातेदारांच्या लेखी संमतीशिवाय जमीन घेऊ नये. मच्छीमार, कूळ आणि मजूर यांनाही बाधित धरावे.

२. जमिनीला हात लावण्याआधी प्रकल्पाचा पूर्ण खर्च आणि विजेचा युनिटमागचा भाव मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावा.

३. संपादन करून दहा वर्षांत काम न झालेली जमीन मूळ मालकाला परत करावी. माडबनपासून सुरुवात करावी.

४. ज्याला विकायची नाही त्याला भाडेपट्ट्याचा पर्याय द्यावा. दरवर्षी भाडे, दर पाच वर्षांनी वाढ, आणि सातबाऱ्यावर नाव मालकाचेच.

५. सदोष यंत्र पुरवणाऱ्या कंपनीवरची जबाबदारी पुन्हा कायद्यात आणावी.

६. येत्या निवडणुकीत जो उमेदवार अणुवीज प्रकल्पाचे नाव घेऊन मत मागेल, त्याच्याकडून पहिल्या चार ठरावांवर सही घ्यावी. भाषण ऐकून घ्यावे, पण टाळी सहीनंतर वाजवावी.

सहावा ठराव सगळ्यांत सोपा वाटेल. तोच सगळ्यांत अवघड आहे. कारण पुढारी आपल्याच नात्यातला, जातीतला, गावातला असतो, आणि त्याच्यापुढे कागद सरकवायला भीड वाटते. या भिडेपोटीच आजवर आपला बैल रुमालाखाली विकला गेला. गावी परत जाताना प्रत्येकाने ठरावांची एक प्रत खिशात ठेवावी. पहिला उमेदवार दारात आला की ती त्याच्यापुढे धरावी.